एससीसीएम, एमडीटी आणि पीएक्सई यांचं आपसात जमेनासं झालं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोटे-परशुराम एमआयडीसीतला एक कारखाना. तिथे बऱ्याच पीसींवर एकदम विंडोज बसवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, कॉन्फिगरेशन मॅनेजर, आहे (आपण सगळे त्याला अजून एससीसीएमच म्हणतो) आणि त्याला एमडीटी, म्हणजे त्याच कामाच्या तयार स्क्रिप्टांचं मायक्रोसॉफ्टचं दुसरं साधन, जोडलेलं आहे. त्याच सर्व्हरवर डब्ल्यूडीएसमधून (नेटवर्कवरून पीसी बूट करून देणारी विंडोज सर्व्हरची सेवा) चालणारं जुनं स्वतंत्र एमडीटीही आहे, प्लांटमधल्या पीसींना इमेज (विंडोजची तयार प्रत) टाकायला. कुडाळच्या कार्यालयात सर्व्हर नाही, तिथले पीसी व्हीपीएनवरून लोट्याच्या सर्व्हरवरून बूट होतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ साठी एससीसीएम अपग्रेड केलं, नवं एडीके (बूट इमेज बनवायची मायक्रोसॉफ्टची साधनं) घातलं आणि पीएक्सईची (पीसी नेटवर्कवरून बूट करायची पद्धत) सेटिंगंही त्याच सुमारास बदलली. तेव्हापासून टास्क सिक्वेन्स (विंडोज बसवायच्या पायऱ्यांची यादी) उघडला की एमडीटीच्या पायऱ्यांवर एरर येते. जुनं एमडीटी नेटवर्कवरून बूटच होत नाही. कुडाळला बूट इमेज (विंडोज बसण्याआधी पीसीवर चालणारं छोटं विंडोज, म्हणजे विनपीई) उतरायला अर्धा तास लागतो. काही पीसींना 'या संगणकासाठी टास्क सिक्वेन्स उपलब्ध नाही' असा निरोप मिळतो आणि काही पीसी इमेज होऊनही डोमेनमध्ये (कंपनीच्या एकत्रित संगणक-व्यवस्थेत) न जाता वर्कग्रुपमध्येच राहतात. शेवटी विचारलंय, 'सगळं काढून पहिल्यापासून घालू का?'

नका घालू. या पाच तक्रारींची कारणं पाच वेगवेगळी आहेत. त्या एकत्र दिसल्या, कारण बदल एकत्र केले. पहिल्यापासून घालताना तेच बदल तुम्ही त्याच क्रमाने पुन्हा कराल आणि पुन्हा इथेच येऊन थांबाल. शिवाय आज निदान लॉग तरी हातात आहेत, तेही जातील.

'दोष एससीसीएममध्ये आहे की एमडीटीमध्ये?' हा प्रश्न बाजूला ठेवा. दोन्ही आपापल्या जागी धड असतात आणि तरी काम अडतं. पीसी चालू झाल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत काम एका हातातून दुसऱ्या हातात जात असतं. फर्मवेअर डीएचसीपीकडे (नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) आयपी मागतं, पीएक्सई सर्व्हर बूट फाइलचं नाव देतो, टीएफटीपीवरून (फायली पाठवायची साधी पद्धत) बूट इमेज येते, विनपीई मॅनेजमेंट पॉइंटला (काय करायचं ते सांगणारा एससीसीएमचा सर्व्हर) विचारतं, डिस्ट्रिब्युशन पॉइंटवरून (फायली साठवून देणारा सर्व्हर) मजकूर उतरतो, मग विंडोज सेटअप, मग डोमेन. पडद्यावर कोड दिसतो तो ज्याच्या हातात काम अडकलं त्याचा. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या हातात झालेली असते. कौलारू घरात पावसाचं पाणी ठिबकतं एका जागी आणि फुटलेलं कौल असतं वाशावरून चार हात वर, तसं हे आहे. म्हणून कोडाचा अर्थ शोधण्याआधी काम कोणत्या टप्प्यावर अडलं ते ठरवा. ते ठरवायला योग्य लॉग योग्य जागी बघावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण एकच लॉग जागा बदलत फिरतो.

एससीसीएमचा मुख्य लॉग म्हणजे एसएमएसटीएस. विनपीई चालू असताना, डिस्क फॉरमॅट होण्याआधी, तो एक्स ड्राइव्हवर विंडोजच्या टेम्पमध्ये एसएमएसटीएसलॉग या फोल्डरात असतो. डिस्क फॉरमॅट झाली की सी ड्राइव्हवरच्या अंडरस्कोर-एसएमएसटास्कसिक्वेन्स फोल्डरात जातो. नव्या विंडोजमध्ये एससीसीएमचा क्लायंट बसला की विंडोजमधल्या सीसीएमच्या लॉग्स फोल्डरात येतो. एमडीटीचा बीडीडी लॉग वेगळा. तो मिनइंट फोल्डरात, एसएमएसओएसडीच्या खाली वाढत जातो आणि काम नीट पार पडलं तर शेवटी विंडोजच्या टेम्पमधल्या डिप्लॉयमेंटलॉग्समध्ये कॉपी होतो. डोमेनचा विषय असेल तर विंडोजच्या डीबग फोल्डरातला नेटसेटअप लॉग, आणि सर्व्हरच्या बाजूला पीएक्सईसाठी एसएमएसपीएक्सई लॉग. बूट इमेजमध्ये एफ-८ ने कमांड प्रॉम्प्ट उघडायची सोय चाचणीपुरती चालू ठेवा. एफ-८ ची खिडकी उघडी असेपर्यंत पीसी रीस्टार्ट होत नाही, त्यामुळे लॉग पेनड्राइव्हवर घ्यायला वेळ मिळतो. सगळ्यांना इमेज टाकायला सुरुवात करण्याआधी मात्र ती सोय बंद करा, कारण त्या प्रॉम्प्टला पूर्ण अधिकार असतात.

आता तक्रारी. सर्वात जास्त वेळ पहिलीलाच देतो, कारण ती दुरुस्त करताना एमडीटीच्या स्क्रिप्टा आणि बूट इमेज या दोन गोष्टीही बघाव्या लागतात.

टास्क सिक्वेन्स उघडताना येणारी एरर साधारण अशी असते: बीडीडी_यूजपॅकेज या क्लासचे गुणधर्म लोड करता आले नाहीत. बीडीडीने सुरू होणारी नावं एमडीटीची. म्हणजे एससीसीएमला एमडीटीच्या पायऱ्या ओळखता येत नाहीयेत. एमडीटी जोडताना जो विझार्ड चालतो त्यात दोन वेगळ्या खुणा (चेकबॉक्स) असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक खूण कन्सोलमध्ये (एससीसीएम चालवायचा प्रोग्राम) एमडीटीच्या फायली टाकते. ही ज्या ज्या पीसीवर कन्सोल आहे तिथे तिथे करावी लागते. दुसरी खूण साइट सर्व्हरच्या (एससीसीएमचा मुख्य सर्व्हर) डब्ल्यूएमआयमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत माहितीसाठ्यात, एमडीटीच्या पायऱ्यांची नोंद करते, एमओएफ फाइल कंपाइल करून. तुमचा दोष कुठला हे ओळखायला दुसऱ्या कोणाच्या तरी कन्सोलवर तोच टास्क सिक्वेन्स उघडून बघा. तिथे नीट उघडला तर तुमच्या कन्सोलमधल्या फायली गेल्या आहेत. सगळीकडे तीच एरर असेल तर सर्व्हरवरची नोंद गेली आहे. खात्री हवी असेल तर साइटच्या डब्ल्यूएमआय नेमस्पेसमध्ये बीडीडीने सुरू होणारे क्लास आहेत का ते विंडोजमधल्या वेबेमटेस्ट या साधनाने बघा.

उपाय तोच विझार्ड. आधी कन्सोल बंद करा, विझार्ड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, जोडणी काढा, पुन्हा विझार्ड चालवा आणि दोन्ही खुणा करून जोडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडता चालवला आणि काम अर्धवट झालं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. एक विनंती मात्र मनापासून: एरर येत असताना तो टास्क सिक्वेन्स जतन करू नका. एडिटरला ज्या पायऱ्या वाचता येत नाहीत त्या जतन करताना नीट राहतील याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. आधी एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवा.

कन्सोल दुरुस्त झालं म्हणजे काम झालं असं नाही. एमडीटीच्या स्क्रिप्टांच्या प्रती तीन जागी असतात. एक एमडीटी जिथे इन्स्टॉल केलं त्या फोल्डरात, दुसरी स्वतंत्र एमडीटीच्या डिप्लॉयमेंट शेअरमध्ये आणि तिसरी एससीसीएममधल्या टूलकिट पॅकेजमध्ये. पहिल्या जागी दुरुस्ती केली म्हणून बाकी दोन आपोआप दुरुस्त होत नाहीत. याचं ठळक उदाहरण घ्या. एमडीटीची शेवटची आवृत्ती ८४५६, २०१९ च्या सुरुवातीची. तिच्यासोबत विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीचं एडीके वापरलं की जुन्या बायोसची यंत्रं एमडीटीला यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) वाटायला लागली आणि डिस्कची विभागणी चुकायला लागली. मायक्रोसॉफ्टने केबी ४५६४४४२ नावाने दुरुस्ती दिली, म्हणजे बीडीडी युटिलिटीची नवी डीएलएल. ती लोकांनी इन्स्टॉल फोल्डरात टाकली आणि टूलकिट पॅकेजमध्ये जुनीच राहिली. परिणाम असा की स्वतंत्र एमडीटीने केलेले पीसी ठीक, एससीसीएममधून केलेले तेच पीसी बिघडलेले. प्लांटमध्ये अजून बायोसवर चालणारी जुनी यंत्रं असतील तर तिन्ही जागच्या डीएलएलची तारीख आणि आवृत्ती आजच ताडून बघा, आणि पॅकेज बदलल्यावर डिस्ट्रिब्युशन पॉइंट अपडेट करायला विसरू नका. (त्या यंत्रांवर विंडोज ११ जाणारच नाही, त्याला यूईएफआय आणि टीपीएम २.० लागतं. पण पीएलसीच्या (प्लांटमधली यंत्रं चालवणारे नियंत्रक) सॉफ्टवेअरसाठी ती ठेवावी लागतात, हे मला माहीत आहे.)

बूट इमेजचंही असंच आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून एडीके आणि विनपीई अ‍ॅड-ऑन वेगवेगळे येतात, दोन्ही एकाच आवृत्तीचे हवेत. आणि विंडोज ११ च्या एडीकेपासून ३२-बिट विनपीई मिळतच नाही. त्याचे पडसाद एमडीटीत उमटतात. डिप्लॉयमेंट वर्कबेंचमध्ये शेअरच्या प्रॉपर्टीजमधला विंडोज पीई टॅब दाबला की खिडकी कोसळते, कारण ते ३२-बिट विनपीईचं एक्स८६ नावाचं फोल्डर शोधत बसतं. विनपीईच्या इन्स्टॉल फोल्डरात एक्स८६ आणि त्याच्या आत विनपीई_ओसीज असं रिकामं फोल्डर केलं की टॅब उघडतो. मग जनरल टॅबमध्ये एक्स८६ ची खूण काढून टाका. नव्या विनपीईत एमडीटीचा विझार्ड स्क्रिप्ट एरर देऊन थांबत असेल तर कारण जेस्क्रिप्टचं बदललेलं इंजिन असतं. विनपीईच्या अनअटेंड फाइलमध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या 'मेन' कीखाली 'जेस्क्रिप्टरिप्लेसमेंट' शून्य करणारी रेजिस्ट्रीची ओळ घातली की विझार्ड चालतो.

एससीसीएमच्या बाजूला बघायचं ते असं. तुमची टास्क सिक्वेन्सला लावलेली बूट इमेज एमडीटीच्या विझार्डने बनवलेली असेल, तर एससीसीएम अपग्रेडसोबत ती नवी झालेली नसणार. आपोआप बदलतात त्या एससीसीएमच्या मूळच्या बूट इमेज. तुमच्या इमेजच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्स आणि ऑप्शनल कंपोनंट्सचे टॅब दिसत नसतील, तर ती जुन्या एडीकेची आहे असं धरा. अशा वेळी डिस्ट्रिब्युशन पॉइंट अपडेट करताना सध्याच्या एडीकेतून विनपीई पुन्हा लोड करण्याचा पर्याय निवडा, किंवा सरळ नवी बनवा. नवी बनवताना एमडीटीला लागणारे डब्ल्यूएमआय, स्क्रिप्टिंग, एचटीए, एमडॅक, डॉटनेट आणि पॉवरशेल हे घटक आहेत ना ते बघा. ड्रायव्हर मात्र घालाल ते फक्त नेटवर्क कार्डाचे आणि डिस्क कंट्रोलरचे. नव्या इंटेल लॅपटॉपवर डिस्कपार्टमध्ये डिस्कच दिसत नसेल तर तो बायोसमधल्या व्हीएमडीचा (इंटेलचं डिस्क हाताळायचं सेटिंग) प्रकार असतो. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये गेला की डिस्क दिसते. साउंड आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर तिथे घालून काहीच मिळत नाही, फक्त इमेज फुगते, आणि फुगलेली इमेज कुडाळला किती महागात पडते ते पुढे येतंच आहे.

सिक्युअर बूटची (फक्त खात्रीच्या बूट फायलींनाच चालू देणारी सोय) एक गोष्ट या कामासोबतच उरकून घ्या. त्याची मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची घेतात. ज्या पीसींवर जुनं प्रमाणपत्र रद्द केलेलं असेल तिथे जुन्या बूट लोडरची इमेज उघडणार नाही. नवी बूट इमेज बनवताच आहात, तर दोन्ही प्रकारच्या पीसींवर ती तपासून घ्या.

दुसरी तक्रार, जुनं एमडीटी बूट होत नाही. ही सर्वात सोपी. एससीसीएमच्या १८०६ आवृत्तीपासून डब्ल्यूडीएसशिवाय पीएक्सई देण्याची सोय आहे आणि तुम्ही पीएक्सईच्या सेटिंगमध्ये तीच खूण केलेली दिसते. ती खूण केली की त्या सर्व्हरवरची डब्ल्यूडीएस सेवा एससीसीएम बंद करतं. एकाच सर्व्हरवर दोघं पीएक्सईला उत्तर देऊ शकत नाहीत. तुमचं एमडीटी बिघडलेलं नाही, त्याच्या पायाखालची सेवा काढून घेतली गेली आहे. ते हवंच असेल तर डब्ल्यूडीएस वेगळ्या सर्व्हरवर न्या. पण एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) दोन पीएक्सई सर्व्हर ठेवले की जो आधी उत्तर देईल त्याच्याकडे पीसी जातो, आणि मग 'कधी होतं, कधी होत नाही' ही सगळ्यात छळणारी तक्रार सुरू होते. माझं मत विचाराल तर प्लांटची व्हीलॅन वेगळी करा आणि स्विचवरच्या आयपी हेल्परने (पीसीची हाक दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारं सेटिंग) तिला फक्त एमडीटीचा सर्व्हर दाखवा.

आयपी हेल्परचा विषय निघालाच आहे तर डीएचसीपीमधले ६६ आणि ६७ (बूट सर्व्हर आणि बूट फाइल सांगणारे) हे पर्याय काढून टाका. ६७ मध्ये एकच बूट फाइल लिहिता येते. बायोसची लिहिली की यूईएफआयचे पीसी अडतात, यूईएफआयची लिहिली की बायोसचे. हेल्परमध्ये डीएचसीपी सर्व्हर आणि पीएक्सई सर्व्हर या दोघांचेही पत्ते असले की पीसी कोणत्या प्रकारचा आहे ते बघून पीएक्सई सर्व्हर स्वतःच योग्य फाइल देतो. डीएचसीपी आणि पीएक्सई एकाच सर्व्हरवर असतील तरच ६० हा पर्याय लागतो, आणि तेव्हा पीएक्सई सेवेला डीएचसीपीच्या पोर्टवर ऐकू नको असंही सांगावं लागतं. फायरवॉलवर यूडीपीचे ६७, ६८, ६९ आणि ४०११ हे पोर्ट उघडे हवेत. ४०११ बऱ्याच ठिकाणी राहून जातो.

कुडाळचा अर्धा तास. यात बिघाड काहीच नाही, हिशोब आहे. टीएफटीपी एक ब्लॉक पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. एससीसीएममध्ये ब्लॉक मुळात ४०९६ बाइटचा आणि विंडो (पोच यायच्या आधी एका दमात किती ब्लॉक जातात ते) १ असते, म्हणजे दर ब्लॉकला एक पोच. बूट इमेज ४०० एमबीची धरली तर एक लाखाहून जास्त ब्लॉक होतात. लोटे ते कुडाळ व्हीपीएनवर जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील तर नुसतं थांबण्यातच ३४ मिनिटं जातात, मग लाइन कितीही जाड असो. म्हणूनच बँडविड्थ वाढवून घेऊनही फरक पडत नाही आणि सर्व्हिस प्रोव्हायडरशी विनाकारण वाद होतात.

इलाज रेजिस्ट्रीत आहे. डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर, एसएमएसच्या डीपी कीखाली, रॅमडिस्क-टीएफटीपी-विंडोसाइझ ८ करा. तेच थांबणं साडेचार मिनिटांच्या आत येतं. मग लाइनची क्षमता आड येते, १० एमबीपीएसवर ४०० एमबीला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागणारच. ब्लॉकसाइझ मोठा करायचा मोह होईल, तो व्हीपीएनवर आवरा. नेटवर्कवरून एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं, व्हीपीएनवर त्याहूनही कमी. ४०९६ चा ब्लॉक तीन तुकड्यांत जातो. एक तुकडा हरवला की सगळा ब्लॉक पुन्हा, आणि काही फायरवॉल तुकडे झालेली पाकिटं सरळ टाकून देतात. पडद्यावर काहीच न येता बूट थांबत असेल तर ब्लॉक १४५६ करून बघा, व्हीपीएनवर लागल्यास आणखी कमी. विंडो वाढवताना ४, ८ अशी चढत जा, काही फर्मवेअरना मोठी विंडो झेपत नाही. बदलानंतर पीएक्सई सेवा रीस्टार्ट करा.

तरीही कुडाळसाठी माझा खरा सल्ला वेगळा आहे. तिथे एक साधा पीसी डिस्ट्रिब्युशन पॉइंट करा. डब्ल्यूडीएसशिवायचं पीएक्सई विंडोज १० किंवा ११ च्या पीसीवरही चालतं, सर्व्हर आवृत्ती लागत नाही. महामार्ग ६६ च्या कामात फायबर तुटणं आपल्याकडे नवं नाही आणि पावसाळ्यात लाइन दिवसचे दिवस जाते. बूट इमेज एकवेळ लाइनवरून उतरेल, पण विंडोजची पाच-सहा जीबीची इमेज आणि त्यावर ड्रायव्हर, अ‍ॅप्लिकेशनं लाइनवरून ओढत बसणं हे चांगल्या लाइनवरही शहाणपणाचं नाही. कुडाळचा पीसी रात्री लाइन मोकळी असताना मजकूर उतरवून घेईल आणि सकाळी इमेज स्थानिक नेटवर्कवरून जाईल. त्या पीसीला यूपीएस द्या आणि तो जमिनीवर ठेवू नका. जुलै २०२१ च्या पुरातलं चिपळूण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे केल्यावर कुडाळचा आयपी रेंज बाउंड्री ग्रुपमध्ये (कोणत्या पत्त्यांच्या पीसींनी मजकूर कुठून घ्यायचा ते ठरवणारा गट) घालून त्याला हा नवा पॉइंट जोडा. हे राहिलं तर टास्क सिक्वेन्स निवडल्यावर ८००४०१०२ कोड येतो, म्हणजे लागणारा मजकूर कुठून घ्यायचा ते पीसीला कळलेलं नसतं. बाउंड्री आयपी रेंजने द्या. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या साइट्सवर सोडली आणि तिथे सबनेट एकत्र करून लिहिलेले असले तर पीसी भलत्याच ग्रुपमध्ये मोजला जाऊ शकतो.

आता 'टास्क सिक्वेन्स उपलब्ध नाही'. एसएमएसपीएक्सई लॉगमध्ये त्या पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि एसएमबायोस जीयूआयडी (मदरबोर्डचा ओळख क्रमांक) बघा. दोन कारणं नेहमीची. पहिलं, इथरनेट पोर्ट नसलेल्या लॅपटॉपना एकच यूएसबी डाँगल लावून इमेज टाकली जाते. पहिल्या लॅपटॉपनंतर तो मॅक पत्ता त्याच्या नावावर नोंदला जातो आणि दुसरा लॅपटॉप आला की एससीसीएमला तो ओळखीचा वाटतो. मग अनोळखी संगणकांसाठी लावलेला टास्क सिक्वेन्स त्याला मिळत नाही. दुसरं, असेंबल केलेले किंवा मदरबोर्ड बदललेले पीसी. स्वस्त बोर्डांवर जीयूआयडी भरलेलाच नसतो, कारखान्यातून आला तसा राहतो. ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा आकडा दिसला तर समजून जा, तो अनेक बोर्डांवर जसाच्या तसा असतो. पुराने, विजेच्या झटक्याने किंवा खाऱ्या हवेने बोर्ड गेलेले पीसी आपल्या पट्ट्यात स्थानिक दुकानातून दुरुस्त होऊन येतात, त्यामुळे हा प्रकार बराच दिसतो. दोन्हींवर उपाय एकच: हायरार्की सेटिंग्जमध्ये दुहेरी हार्डवेअर ओळखींची यादी असते, तिच्यात तो डाँगलचा मॅक आणि तो जीयूआयडी टाका. फक्त एकाच पीसीचे मॅक आणि जीयूआयडी दोन्ही त्या यादीत गेले तर त्याला ओळखायला काहीच उरत नाही. तेवढं सांभाळा.

याच पीसींवर घड्याळही बघा. बायोसची बॅटरी गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. एससीसीएम एचटीटीपीएसवर असेल तर विनपीई प्रमाणपत्र तपासतं, ते 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं आणि ८००७२एफ८एफ येतो. लोक प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा बनवत बसतात. एफ-८ दाबून तारीख बघायला दहा सेकंद लागतात. पुढे डोमेनच्या वेळीही केर्बेरॉसला (डोमेनची ओळख तपासायची पद्धत) पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. बॅटरी बदला, बायोसमध्ये तारीख घाला.

शेवटची तक्रार, वर्कग्रुपमध्ये राहणारे पीसी. माझ्या मते दोन साधनांतल्या विसंवादाचं तुमच्याकडचं सगळ्यात खरं उदाहरण हे आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण टास्क सिक्वेन्स थांबत नाही. डोमेन जोडणी सेटअपच्या आत होते. ती फसली तरी पुढच्या पायऱ्या चालू राहतात आणि मग एखादं अ‍ॅप्लिकेशन मिळालं नाही म्हणून तक्रार येते. नेटसेटअप लॉग उघडा. त्यात एएसी, म्हणजे दशमानात २७३२ कोड असेल, आणि त्याच नावाचं खातं आधीच आहे, त्याचा पुनर्वापर धोरणाने अडवला असा मजकूर असेल, तर कारण ऑक्टोबर २०२२ मधला सुरक्षा अपडेट आहे. केबी ५०२०२७६ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलेलं आहे. आधी कुणीही योग्य परवानगी असलेलं खातं जुन्याच संगणक नावावर पुन्हा डोमेनमध्ये जोडू शकत होतं. आता ज्याने ते संगणक खातं तयार केलं तोच, किंवा ते खातं डोमेन अ‍ॅडमिनने तयार केलेलं असेल तरच जोडणी होते.

तुमच्याकडे जुने पीसी एमडीटीने, एमडीटीच्या जॉइन खात्याने (पीसी डोमेनमध्ये जोडायला वापरायचं खातं) जोडलेले. आता तेच पीसी, त्याच नावांनी, एससीसीएम वेगळ्या जॉइन खात्याने जोडू पाहतंय. नवीन नाव दिलेले पीसी जातात, जुन्या नावाचे अडतात. इंटरनेटवर रेजिस्ट्रीची एक की सुचवलेली सापडेल. तिच्या नादी लागू नका, नंतरच्या अपडेटांनी ती निकामी केली आहे. मार्च २०२३ पासून ग्रुप पॉलिसीत संगणक खात्याच्या पुनर्वापराला परवानगी देणारं धोरण आहे. ते सगळ्या डोमेन कंट्रोलरना (डोमेन चालवणारे सर्व्हर) लागू करा आणि त्यात ज्यांच्या मालकीची संगणक खाती विश्वासू मानायची अशा खात्यांचा ग्रुप द्या, म्हणजे एमडीटीचं जुनं जॉइन खातं त्यात हवं. ज्या इमेजमधून विंडोज बसतंय तीही सप्टेंबर २०२३ च्या किंवा नंतरच्या अपडेटची हवी, नाहीतर पीसीला हे धोरण कळतच नाही. आणि इथून पुढे दोन्ही साधनांत जॉइन खातं एकच ठेवा. सोबत टास्क सिक्वेन्समध्ये सेटअपनंतर लगेच 'डोमेनमध्ये आहे का' हे बघणारी पॉवरशेलची एक पायरी घाला आणि नसेल तर तिथेच थांबू द्या.

कामाचा क्रम असा धरा. आधी टास्क सिक्वेन्स एक्स्पोर्ट आणि डिप्लॉयमेंट शेअरची प्रत दुसऱ्या जागी. मग विझार्डने जोडणी काढून पुन्हा जोडणं, टूलकिट पॅकेज, बूट इमेज. एका वेळी एकच बदल आणि दर बदलानंतर एक यूईएफआय पीसी आणि एक लॅपटॉप, दोन्ही पूर्ण शेवटापर्यंत. नेटवर्कचे बदल त्यानंतर. कारखाने गणपतीत बंद असतात म्हणून हे काम तेव्हा उरकायचा विचार तुमच्या मनात असेल, पण त्या दिवसांत लाइनवाला, स्विचवाला कोणीच हाताशी नसतो. एक आठवडा आधी सुरू करा.

राहिला एमडीटीचा प्रश्न. ८४५६ नंतर नवी आवृत्ती आली नाही, विंडोज ११ ला तिचा अधिकृत आधार नाही आणि तिच्या जवळपास सगळ्या स्क्रिप्टा व्हीबीस्क्रिप्टमध्ये आहेत, जी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्येच काढून टाकायच्या यादीत घातली. तुमचा टास्क सिक्वेन्स उघडून एमडीटीच्या पायऱ्या मोजा आणि दर पायरीपुढे ती नेमकं काय करते ते लिहा. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी 'गॅदर'ने मॉडेल ओळखून नाव आणि ड्रायव्हर ठरवणं, 'व्हॅलिडेट'ने मेमरी आणि डिस्क बघणं, एवढंच काम ती करत असते. पहिल्यासाठी एससीसीएमची स्वतःची 'सेट डायनॅमिक व्हेरिएबल्स' पायरी आहे, दुसऱ्यासाठी 'चेक रेडिनेस', उरलेल्यासाठी पॉवरशेल. जोडणी आज दुरुस्त करा, कारण पीसी थांबले आहेत. त्यासोबतच एमडीटीशिवायचा टास्क सिक्वेन्स बाजूला उभा करायला घ्या आणि नवे लॅपटॉप त्याच्यावरूनच जाऊ द्या.

बूट इमेज नवी केल्यावरही अडलं तर पुढची माहिती लिहा: एससीसीएम, एडीके आणि विनपीई अ‍ॅड-ऑन यांच्या आवृत्त्या, पीसी कोणत्या टप्प्यावर थांबला आणि त्या टप्प्यावरच्या लॉगच्या शेवटच्या शंभरएक ओळी. लॉग देण्याआधी त्यातली खात्यांची नावं, सर्व्हरची नावं आणि आयपी पुसून टाका. एमडीटीची कस्टमसेटिंग्ज फाइल देणार असाल तर जॉइन खात्याचा पासवर्ड तिच्यात साध्या अक्षरांत असतो, तो आधी काढा.